कवठे महांकाळला जरा बरं नाही

चि. दीक्षा हिस,

तुझं पत्र मिळालं. ‘बाई, माझ्यावर लिहू नका, मी काय केलंय एवढं’ असं तू लिहितेस. एवढं काही केलं नाहीस म्हणूनच लिहिते आहे. ज्यांनी एवढं केलंय त्यांच्या नावाच्या कमानी आहेत, गौरवग्रंथ आहेत, त्यांना माझी गरज नाही. शिवाय तुझी हकीकत सांगलीत तीन तऱ्हांनी सांगतात आणि तिन्हींत तू मूर्ख ठरतेस. एका तऱ्हेत तर तू कॉम्प्युटर चहात बुडवलास असं आहे. ते मला खपत नाही. तेव्हा आता गप्प बस आणि ऐक. यापुढं तुला ‘तू’ म्हणणार नाही, ‘ती’ म्हणेन. कुठं चुकलं तर कळव, पण पोस्टकार्डावर. ते ई-मेल मला उघडता येत नाही. आपल्या दोघींचं राहिलेलं काम शेवटी काढते.

दीक्षा राजाराम होवाळ ही कुंडलची. वडील राजाराम पाणी योजनेच्या मोटरवर कामाला. छप्पन्न साली आज्ज्यानं धर्म बदलला तेव्हा घरातून देव्हारा गेला, नवस गेले, अंगारे गेले आणि त्या जागी एक फळी आली. फळीवर पुस्तकं ठेवायची होती. पुस्तकं निघाली दोन. फळी रिकामी दिसू नये म्हणून मग घरात जो कागद येईल तो तिथं जाऊ लागला. शेंगदाण्याची पुडीसुद्धा सरळ करून वाचायची आणि फळीवर ठेवायची. आई बायडाबाईला अक्षरओळख नाही, पण कुणी वाचून दाखवल्याशिवाय तिनं चुलीत कधी कागद घातला नाही. या घरात कागद फाडणं म्हणजे भाकरी लाथाडण्यासारखं. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढं लागणार आहे.

दीक्षा साताऱ्याला वसतिगृहात राहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, मग सांगलीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि सत्त्याण्णव साली एका दूध संघात तात्पुरती म्हणून लागली. तात्पुरती म्हणजे काम कायमचं आणि खुर्ची तात्पुरती. हजेरीपत्रकात तिचं नाव पेन्सिलीनं लिहीत.

संघाचे चेअरमन लालासाहेब. दोन साखर कारखाने आणि एक पतपेढी बुडवून दुधाकडं वळलेले. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ते संचालकांना घेऊन परराज्यातली एक मोठी डेअरी बघून आले. तिथं टाकीतलं दूध गरम झालं की मशीनच साहेबाला पत्र पाठवतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि त्यांची झोप उडाली. आपल्याकडं दूध आंबलं की पहिल्यांदा कळायचं ते गिऱ्हाइकाला.

“आपल्या मशीननं बी पत्र लिवलं पायजे,” लालासाहेबांनी सभेत सांगितलं. “कोण करील?”

त्यांचा भाचा पृथ्वीराज कॉम्प्युटरचा क्लास चालवत होता. तो म्हणाला, “मामा, मी करतो की. आठ महिने लागतील, परदेशातनं एक पार्ट मागवावा लागंल.” मागच्या बाकावरून दीक्षा म्हणाली, “मी करते. तीन महिने. पार्ट नको.” ठराव झाला तो असा. कवठे महांकाळच्या चिलिंग सेंटरवर हे बसवायचं, ऑक्टोबर महिनाभर चाचणी घ्यायची. चाललं तर दीक्षा होवाळ कायम. नाही चाललं तर काम आणि जागा दोन्ही पृथ्वीराजला. पेन्सिलीतलं नाव शाईत जाणार का खोडलं जाणार, एवढाच प्रश्न.

तिनं ते जावा नावाच्या नव्या भाषेत लिहिलं. ही भाषा सांगली जिल्ह्यात तेव्हा मोजून चार जणांना येत असेल आणि त्यातले दोघं पुण्याला जायच्या तयारीत होते. रचना सोपी होती. एसटी स्टँडवर दोन प्रकारचे लोक असतात. एक दर दोन मिनिटांनी खिडकीशी जाऊन ‘विटा गाडी लागली का’ विचारतो आणि कंट्रोलरच्या शिव्या खातो. दुसरा बाकावर डोळे मिटून बसतो, पुकारा झाला की पिशवी उचलतो. जुने प्रोग्रॅम पहिल्या जातीचे. दीक्षाचा दुसऱ्या जातीचा. टाकीत तापमान मोजणारी दांडी सोडलेली, तिची वायर कॉम्प्युटरला. टाकी चार अंशांवर आहे तोवर प्रोग्रॅम गप्प. आठाच्या वर गेली की पुकारा, आणि मग तो स्वतः फोन लावून सांगलीच्या हेड ऑफिसला ई-मेल टाकणार, ‘टाकी दोन, तापमान नऊ, कॉम्प्रेसर बंद.’ वीज गेली तरी चालावं म्हणून खाली बॅटरी. काही घडलंच नाही तर चकार शब्द नाही. त्या गप्प बसण्याचा तिला फार अभिमान होता.

सभेत कुणीतरी म्हणालं, याला ‘जागल्या’ नाव द्या, राखण करतंय म्हटल्यावर. दीक्षा म्हणाली, “ते नाव नको.” का नको, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिचा पणजा कुंडलचा जागल्या होता. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, आणि दाराबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं. घरी तिनं प्रोग्रॅम समजावून सांगितला तेव्हा राजाराम बराच वेळ विडी न पेटवता बसले.

“म्हंजे वाईट बातमी घिऊन आता मशीन पळणार,” ते म्हणाले. “पळव. खरं उंबऱ्याभाइर उभं करतील बघ त्याला.”

“दादा, ते तारेतनं जातं. त्याला उंबरा नसतो.”

“बरं,” राजाराम म्हणाले आणि विडी पेटवली.

ऑक्टोबरच्या सहा तारखेला दुपारी कवठे महांकाळची वीज गेली. दोन वाजता टाकी नवावर. प्रोग्रॅमनं पुकारा केला, मोडेमनं किंचाळून घेतलं आणि पत्र गेलं. सेंटरवर बसलेल्या दीक्षानं घड्याळ बघितलं. सांगलीहून रिकामा टँकर सुटायचा, दूध दुसऱ्या सेंटरला हलवायचं, असं ठरलेलं. टँकर आला नाही. चार हजार लिटर दूध आंबलं.

दोन दिवसांनी जीप आली, पण तिच्यातून डॉक्टर उतरले. त्यांनी कॉम्प्रेसरवरच्या अर्जुनाला, दोघा हमालांना आणि दीक्षाला ओळीत उभं करून जिभा बघितल्या, नाड्या बघितल्या आणि प्रत्येकाला सहा गोळ्या दिल्या.

“कोण आजारी हाय?” अर्जुनानं विचारलं. हा पन्नाशीचा, जत बाजूचा माणूस, कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून त्याचं पोट दुखतंय का डोकं हे सांगणारा.

“मलाही तेच विचारायचंय,” डॉक्टर म्हणाले. “हेड ऑफिसनं पाठवलंय.”

“संघ लय सुधारला गं बाई,” अर्जुना दीक्षाला म्हणाला. “पाच वर्सं गमबूट मागतोय, ते न्हाईत. खरं डागदर घरपोच.”

तेरा तारखेला पुन्हा वीज, पुन्हा पत्र, पुन्हा आंबलेलं दूध. आणि पुन्हा डॉक्टर, यावेळी ग्लुकोजच्या पुड्यांसकट. बरोबर चेअरमनांच्या पत्नी शालूबाईंनी पाठवलेली मोसंबीची करंडी. मोसंबीखाली हेड ऑफिसचा कागद होता. ‘आवक रजिस्टर तपासले असता यंत्राकडून एकही पत्र प्राप्त झालेले नाही. तीस तारखेच्या सभेत खुलासा करावा.’

दीक्षानं प्रोग्रॅम सात वेळा तपासला. पाठवल्याची नोंद होती, दोन्ही वेळची. मग तिला दांडीचा संशय आला. दांडी चुकीचं मोजत असेल तर सगळंच खोटं. खात्रीचा थर्मामीटर कवठे महांकाळला मिळेना, सांगलीला मिळाला तो ताप बघायचा. म्हणून ती रविवारी साताऱ्याला आपल्या जुन्या प्रोफेसरबाईंकडं आली. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण प्रयोगशाळेच्या मदतनिसावर त्यांचा वचक शाबूत होता. त्यांनी सुट्टीच्या दिवशी कुलूप काढायला लावलं, चांगला पाऱ्याचा थर्मामीटर कापसात गुंडाळून डब्यात घातला आणि रजिस्टरात स्वतः सही केली.

“चार दिवसांत परत पाहिजे,” बाई म्हणाल्या.

“चार दिवसांत आणून देते.”

“आधी दांडी तपास, मग प्रोग्रॅम तपास. दोन्ही बरोबर निघाली तर माणसं तपास. खरं तर क्रम उलटा पाहिजे, पण कॉलेजात आम्ही तसं शिकवत नाही.”

दांडी अर्ध्या अंशानंसुद्धा चुकत नव्हती. तेव्हा राहिली माणसं.

सव्वीस तारखेला दीक्षा सांगलीला हेड ऑफिसात जाऊन बाकावर बसली. निघताना अर्जुनाला सांगून आली होती, बरोबर अकराला टाकीतली दांडी काढायची आणि गरम चहात घालायची.

“कटिंग का फुल?” अर्जुनानं विचारलं.

“दांडी बुडेल एवढा.”

“मग फुल. आन् दांडी भाइर काढल्यावर त्यो चहा कुणी प्यायाचा?”

संघाचा ई-मेलचा कॉम्प्युटर चेअरमनांच्या केबिनबाहेर होता, विणलेल्या रुमालाखाली. त्याचं काम कोंडीबाकडं. कोंडीबा शिपाई म्हणून लागला आणि तीस वर्षांत चढत चढत आवक-जावकच्या टेबलापर्यंत आला होता. निवृत्तीला चार महिने राहिलेले. त्याला तीन दिवसांचं शिक्षण दिलं होतं. दर तासाला फोन लावायचा, आलेली पत्रं छापायची, रजिस्टरला चढवायची, साहेबांपुढं ठेवायची. तो ते देवपूजेसारखं करी.

अकरा वाजून सात मिनिटांनी प्रिंटर कुरकुरला. कोंडीबानं कागद फाडून घेतला, चष्मा लावला, वाचला. ‘टाकी दोन, तापमान बासष्ट.’ त्यानं डोक्यावरची टोपी काढली. कागद अंगापासून लांब धरून तो दीक्षाच्या समोरून बाहेर गेला, पायरी उतरला, कागदाचे चार तुकडे केले, गटारात सोडले. माठाजवळ येऊन पायांवर पाणी घेतलं, चूळ भरली. मग टोपी घालून सावकाश केबिनमध्ये शिरला. दार उघडंच होतं.

“साहेब, कवठे महांकाळला…” तो थांबला. “जरा जास्तच हाय म्हणत्यात.”

“अजून बरं वाटंना?” आतून लालासाहेबांचा आवाज आला. “डॉक्टरनं तर काही निघालं न्हाई म्हणून सांगितलंय. असं कर, मिरजेच्या दवाखान्यात हलवा म्हणावं. जीप धाड.”

कोंडीबा बाहेर आला तेव्हा दीक्षा त्याच्या टेबलापाशी उभी होती.

“कोंडीबामामा, काय फाडलंत?”

“वाईट बातमीचा कागद हुता पोरी.”

“माझ्या मशीनचा होता.”

“त्याचाच. आदीबी दोन आलं. फाडलं.” त्याला लपवायचं काहीच नव्हतं. “मयताची तार, मयताचं कार्ड आमी उंबऱ्याच्या आत घेत न्हाई. भाइर वाचायचं, फाडायचं, पायावर पानी घ्यायचं. आन् सांगायचं ती बी हळूहळू. आदी बरं न्हाई म्हणायचं, मग जास्त हाय म्हणायचं. एकदम सांगितलं आन् साहेबांना काय झालं म्हंजे? त्यांला बीपी हाय.”

“पण दूध आंबलं म्हणून लिहिलं होतं. माणूस नव्हतं मेलं.”

“आवं, चार हजार लिटर दूध गेलं म्हंजे काय कमी हाय व्हय?”

तिनं रजिस्टर उघडून दाखवलं. “इथं नोंद तरी करायची.”

“तसला कागद रजिस्टरला चढवायचा?” कोंडीबाला हे फारच वाटलं. “तुमच्यात न्हाई ही रीत?”

“आमच्यात कागद फाडत नाहीत.”

“असंल. खरं आमच्याकडं सांगावा घिऊन तुमचीच मानसं यायची की, कुंडलवरनं. भाइरनंच सांगायची. आत कवा आली न्हाईत.” हे त्यानं अगदी मायेनं सांगितलं, जुनी सोयरीक सांगावी तसं. “मग कागद आत कसा न्यायचा, सांग बरं?”

दीक्षाला राजारामची न पेटवलेली विडी आठवली. ती बाकावर जाऊन बसली. तिनं तारेतून पाठवलेली बातमी पंचेचाळीस किलोमीटर डोळ्याचं पातं लवायच्या आत आली होती आणि शेवटच्या पायरीवर दारात अडली होती. तिनं सगळे दोष शोधायची सोय प्रोग्रॅममध्ये केली होती. मोडेमचा, तारेचा, बॅटरीचा. पणजा ज्या दारांबाहेर उभा राहायचा, तिथला तेवढा राहिला.

चार दिवस तिला झोप नव्हती. खरं सांगावं तर चार महिन्यांवर निवृत्ती आलेल्या कोंडीबावर कारवाई होणार, न सांगावं तर आपलं नाव खोडलं जाणार. सभेच्या सकाळी तिनं ठरवलं, सांगायचं. तिनं नाव न घेता सांगितलं, पण आवक-जावकला माणूस एकच.

संचालक मंडळ गंभीर झालं. मग उपाध्यक्ष म्हणाले, “बरोबर केलं त्यानं.”

“माझ्या बंगल्यात बी तार आत घेत न्हाईत,” दुसरे म्हणाले.

कारवाईची भीती दीक्षाला एकटीलाच वाटत होती. पाऊण तास चर्चा झाली ती, ई-मेल ही तार धरायची का कार्ड, यावर. पृथ्वीराजनं सुचवलं की वाईट बातमी गुलाबी कागदावर छापली तर दोष लागणार नाही. त्यासाठी परदेशातून एक प्रिंटर मागवावा लागेल.

लालासाहेबांनी हात वर केला. “दोष मशीनचा हाय. त्याला पत्र लिवायची रीत न्हाई. न्हाई सप्रेम नमस्कार, न्हाई खुशाली. एकदम तापमान नऊ. असं कोण लिवतं? आधी खुशाली पायजे.”

“खुशालीचं पत्र आत येतं का?” दीक्षानं विचारलं.

“म्हंजे काय? खुशालीचं पत्र साहेब फायलीत घालत्यात,” कोंडीबा चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता, तो म्हणाला.

दीक्षा म्हणाली, “ठीक आहे. वाईट कळवायचंच नाही. टाकी चांगली आहे तोवर दर तासाला एक खुशालीचं पत्र येईल. बिघडली की येणार नाही.”

“आन् न आल्यावर आमाला कळणार कसं?” लालासाहेब म्हणाले.

बोलला तो कोंडीबाच. “आवं साहेब, माझं पोरगं पल्टनीत हाय, तिकडं बर्फात. त्याचं पत्र आठ दिसाला येतं. नवव्या दिवशी न्हाई आलं तर भाकरी घशाखाली उतरत न्हाई. मला कुणी सांगावं लागतंय व्हय? मला कळंल.”

चाचणी पंधरा दिवसांनी वाढली. दीक्षानं आपला गप्प बसणारा, देखणा प्रोग्रॅम मोडला आणि त्याला बोलका केला. आता काही घडलं नाही तर तो पत्र लिहायचा. ‘सप्रेम नमस्कार, वि. वि. टाकी दोन, तापमान चार, इकडील सर्व कुशल.’ नऊ ते पाच, दर तासाला. रात्रीचं काय, हे कुणी विचारलं नाही. रात्री दूध आंबत नाही अशी मंडळाची समजूत असावी.

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला दोन वाजताचं पत्र आलं नाही. दोन वाजून पाच मिनिटांनी कोंडीबा प्रिंटरकडं बघत उभा राहिला. दहा मिनिटांनी पायरीपर्यंत जाऊन आला. पंधराव्या मिनिटाला, तीस वर्षांत पहिल्यांदा, तो न विचारता केबिनमध्ये शिरला आणि म्हणाला, “साहेब, खुशाली न्हाई आली. टँकर सोडा. आदी सोडा, मग काय ते इचारा.” लालासाहेबांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि टँकर सोडला. दूध वाचलं.

दीक्षाचं नाव शाईत गेलं. आदेशात लिहिलं होतं की मा. चेअरमनसाहेबांची कल्पना व श्री. पृथ्वीराज यांचे तांत्रिक मार्गदर्शन यांतून ‘खुशाली योजना’ यशस्वी झाली, सबब सहाय्यक कु. होवाळ यांना कायम करण्यात येत आहे. कुंडलला तिनं तो आदेश वाचून दाखवला. राजारामनी एवढंच विचारलं, “कागद आत गेला?” गेला म्हटल्यावर त्यांनी आदेश मागून घेतला आणि फळीवर, शेंगदाण्याच्या पुड्यांच्या वर ठेवला.

कोंडीबा फेब्रुवारीत निवृत्त झाला. त्याच्या जागी कॉम्प्युटर शिकलेला माणूस आला आहे. खुशालीची पत्रं तो वाचत नाही, पाच वाजता एकदम गठ्ठा छापून फायलीत घालतो. फायलींचं दुसरं कपाट भरत आलं आहे. कवठे महांकाळला काय होतं ते पुन्हा गिऱ्हाइकाला आधी कळायला लागलं आहे, असं ऐकते. तू त्यासाठी काहीतरी नवीन लिहिते आहेस, असंही ऐकते. लिही.

आता आपलं काम. दीक्षा, तू थर्मामीटर चार दिवसांत आणून देणार होतीस. त्याला वर्ष झालं. तो अर्जुनानं टाकीशेजारी खिळ्याला टांगलाय आणि कॉम्प्युटरपेक्षा त्याच्यावर त्याचा भरवसा आहे, हे तुझ्याच पत्रात आहे, म्हणजे हरवल्याचा बहाणा चालणार नाही. मे महिन्यात तू कुणाच्याशा लग्नाला लोणंदपर्यंत आलीस आणि तशीच परत गेलीस, तेही मला कळलं. कॉलेज मला दर तीन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवतं, सही माझी आहे म्हणून. मी ती फाडत नाही. चौथं परवा आलं. सातारा स्टँडवरून कॉलेज चालत सात मिनिटांवर आहे, आणि प्रयोगशाळेचा मदतनीस दुपारी एक ते दोन जेवायला जातो, तेवढी वेळ टाळावी. हे लिहून पूर्ण होईपर्यंत थर्मामीटर आलेला नाही.